प्रार्थनेच्या आठवड्यातला गुरुवार

तीन महिने मी भाकरीचं ताट पुढे सरकवत होते.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. पितळेच्या ताटात पावाचे बारीक तुकडे घालून चर्चचे पंच बाकांमधून फिरायचे. ताट या हातातून त्या हातात जायचं. ज्याच्या मनात कुणाविषयी काही धरलेलं असेल त्याने तुकडा उचलायचा नाही, आधी जाऊन ते मिटवून यायचं, अशी रीत. रीत चांगलीच आहे, पण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाळावी लागते. एखाद्या संसारी माणसाने ताट पुढे सरकवलं तर लोक म्हणतात, भावाशी बिनसलं असेल. वीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या पोरीने सरकवलं तर भावाबिवाचा विचार कुणी करत नाही.

मावशी मला हेच ऐकवत होती. "ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. आता नव्या वर्षाचं प्रभुभोजन आहे. त्या दिवशी वर्षभर तोंड न दाखवणारेसुद्धा येतात. त्यांच्यासमोर ताट सरकवलंस तर मी तुला गावी पोचवून येईन, सांगून ठेवते."

"मावशी, मी काही केलेलं नाही."

"मला ठाऊक आहे गं. पण मी काय चर्चच्या दारात उभी राहून एकेकाला सांगू?"

गावी पोचवून येईन, हे तिने रागाने म्हटलं तरी मला ते खरंच वाटायचं. ही मावशी म्हणजे आईची चुलतबहीण. आई गेल्यावर धाकट्या भावंडांचं करत मी तीन वर्षं गावी काढली. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवायचे. भावंडं जरा हाताशी आल्यावर मावशीने मला मुंबईला आणलं, घोडपदेवच्या आपल्या एका खोलीत मोरीजवळचा कोपरा दिला, गिरणीत बायकांच्या वाइंडिंग खात्यात चिकटवलं. सूत गुंडाळायचं काम. मला तिने कधी परकं धरलं नाही. तिच्या ताटातली भाजी माझ्या ताटात यायची, माझी कधी तिच्यात गेली नाही. अशा बाईला मंडळीत मान खाली घालायला लागू नये, एवढं मला कळत होतं. तरी ताट समोर आलं की हात उचलत नव्हता.

कारण तिसऱ्या बाकावर बाई बसलेल्या असायच्या.

या बाई म्हणजे आमच्या मिशनच्या बोर्डिंगमधल्या देखरेखीच्या बाई. पावसाळा संपता संपता त्या काळाचौकीला भाच्याकडे राहायला आल्या आणि आमच्या चर्चमध्ये येऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना मागून ओळखलं. मानेवर घट्ट बांधलेला अंबाडा, आता पांढरा आणि सुपारीएवढा. त्यांनी मला ओळखलं नाही. जाड भिंगांतून त्या माझ्याकडे बघून "सलाम" म्हणाल्या, मीही "सलाम" म्हटलं, आणि बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले.

सातवीची गोष्ट. फायनलची परीक्षा तोंडावर आलेली. फायनल झाली की मुलगी शिक्षिका व्हायची, नाहीतर नर्सिंगला जायची. आमच्या गावातून तिथवर पोचलेली मी पहिली. बोर्डिंगात मुलींना पाळीपाळीने पहाटे ज्वारी दळावी लागायची. माझ्या पाळीच्या दिवशी अंगात ताप होता. मी बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सोंग आहे. जात्यावर बसवा तिला." मी बसले. दळता दळता जात्यावरच पडले. विषमज्वर होता. महिनाभर दवाखान्यात, परीक्षा गेली. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बस. मधल्या वर्षात आई गेली. पुढचं वर्ष काही आलं नाही.

गिरणीत सूत तुटायचं, मी गाठ मारायची, आणि कानात तोच आवाज. सोंग आहे. सात वर्षं. बाकीचं सगळं विसरायला झालं होतं, आईचा आवाजसुद्धा मला नीट आठवत नव्हता. हा मात्र जसाच्या तसा.

जानेवारीचा पहिला आठवडा आमच्याकडे प्रार्थनेचा आठवडा. रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी जमायचं, गाणी म्हणायची, चारपाच जणांनी प्रार्थना करायची, चहा प्यायचा, आणि आठवडा संपला की रविवारी नव्या वर्षाचं प्रभुभोजन. प्रत्येक दिवसाचा विषय ठरलेला असतो. पाळकसाहेबांनी विषयांचा छापील कागद दिला. आमच्या खोलीचा वार गुरुवार. मावशीने कागद माझ्यापुढे धरला, कारण तिला वाचता यायचं नाही. "बघ गं, आपल्याला काय आलंय."

मी वाचलं. शाळा, वसतिगृहं आणि शिक्षक.

"बरं झालं," मावशी म्हणाली. "सोपा विषय आहे. घरची प्रार्थना तू कर. यांना सांगितलं तर हे भलतंच काहीतरी करून ठेवतील."

हे म्हणजे काका, तिचे यजमान. काका लूमखात्यात होते, पण त्या दिवसांत त्यांचं निम्मं लक्ष चळवळीत. निवडणुका जवळ आलेल्या. चाळीच्या भिंती घोषणांनी रंगलेल्या. गिरणी सुटली की काका सभेला. सभा नसेल तेव्हा कठड्याला टेकून कालच्या सभेतलं भाषण शेजाऱ्यांना ऐकवणं. मावशीची भीती खोटी नव्हती, ते मंगळवारीच कळलं. मंगळवारचा विषय देश आणि राज्यकर्ते. खालच्या मजल्यावर एका पंचांच्या घरी बैठक. पाळकसाहेबांनी काकांना प्रार्थना करायला सांगितलं, बहुधा सभा सोडून आले म्हणून कौतुकाने. काकांनी डोळे मिटले.

"हे आकाशातल्या बापा, आमच्या राज्यकर्त्यांना चांगली बुद्धी दे. दिल्लीतून त्यांना इथलं दिसत नसेल तर त्यांचे डोळे उघड."

पाळकसाहेब खोकले.

"इथे आम्ही घाम गाळतो, प्रभू. आमची भाषा, आमची माणसं, हे सगळं एका राज्यात पाहिजे. तुला जास्त काय सांगायचं." पाळकसाहेब पुन्हा खोकले. काकांनी आवाज चढवला. "तुला ठाऊकच आहे, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" बाहेर गॅलरीत नळाच्या रांगेत उभे असलेले सगळे ओरडले. आत आमेन झालं ते हसत हसतच.

नंतर पाळकसाहेब म्हणाले, "अहो, प्रार्थना म्हणजे कामगार मैदान नव्हे."

"साहेब, मी इथं कुणाला काही बोललो नाही," काका म्हणाले. "मी वर बोललो."

सगळे हसले, मीही हसले. पण आमच्या लोकांची ही खोड मला लहानपणापासून ठाऊक होती. तोंडावर जे बोलता येत नाही ते डोळे मिटून देवाला सांगायचं, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल अशा बेताने. सासवा सुनांबद्दल प्रार्थना करतात. पंच वर्गणी न देणाऱ्यांबद्दल करतात. मध्ये कुणाला बोलता येत नाही. प्रार्थना करणाऱ्याने संपवली तरच ती संपते.

गुरुवारी मी पहिल्या पाळीहून आले आणि खोली आवरायला लागले. पलंग उभा करून भिंतीला लावला. शेजारच्या कोकणातल्या काकू सतरंजी घेऊन दारात. "काय गो, तुमच्या देवाक चलतली मा आमची सतरंजी? गणपतीत वापरलली असा."

"चालेल हो काकू, न चालायला काय झालं."

"मग कप पण माझेच ने. तुमचे चार, माणसां येतली वीस." आणि जाता जाता माझ्या तोंडाकडे बघून, "तू अशी कित्याक सुकलंस? बघूक येतत की काय कोण?"

कुणी बघायला येत नव्हतं. मी दुपारपासून चार वाक्यांची प्रार्थना पाठ करत होते. आमच्या शाळांना आशीर्वाद दे. मुलामुलींना बुद्धी दे. शिक्षकांना बळ दे. येशूच्या नावाने मागते. एवढंच. बाई येणार नाहीत, दोन जिने त्यांना चढवणार नाहीत, असं मी स्वतःला सांगत होते.

त्या आल्या. भाच्याने हात धरून आणलं, तो सभेला निघून गेला. सबंध खोलीत एकच खुर्ची, ती मावशीने त्यांच्यासाठी पुसून ठेवली होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले. मला त्यांच्या लुगड्याचा वास आला. डांबराच्या गोळ्यांचा. तोच.

दोन गाणी झाली. पाळकसाहेबांनी विषय सांगितला, बाईंकडे हात करून म्हणाले, आज आपल्यात अशा एक भगिनी आहेत ज्यांनी सगळं आयुष्य वसतिगृहातल्या मुलींसाठी वेचलं. सगळे बाईंकडे बघून माना डोलवू लागले. बाई सरळ बसून होत्या. "घरच्यांनी सुरुवात करावी," पाळकसाहेब म्हणाले.

मी डोळे मिटले. पहिली दोन वाक्यं नीट झाली. शिक्षकांना, म्हटलं, आणि पुढचं बळ काही तोंडातून बाहेर पडेना. खोली वाट बघत होती. मग माझ्या तोंडून जे आलं ते मी ऐकत होते, दुसरंच कुणी बोलत असल्यासारखं.

"शिक्षकांना डोळे दे, प्रभू. एक मुलगी होती, तुला ठाऊक आहे. तिला ताप होता. तीन दिवस ताप होता, तीन दिवस ती सांगत होती. जिच्या हाती तू तिला सोपवलं होतंस तिने म्हटलं, सोंग आहे, जात्यावर बसवा. ती मुलगी जात्यावर पडली, प्रभू. तिची परीक्षा गेली. ती आज सुताला गाठी मारते. आणि ती बाई खुर्चीत बसते. लोक तिला मान देतात. तू सगळं बघतोस. येशूच्या नावाने मागते."

आमेन आलंच नाही.

काकूंच्या खोलीत स्टोव्ह फरफरत होता. लांब मैदानावर कुणीतरी कर्ण्यात फुंकर मारून "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणत होतं. मला डोळे उघडायचे नव्हते. आता ही सगळी उठून जातील, मावशी मला हाताला धरून जिन्यावर उभी करील, उद्याच्या गाडीने गाव, असं सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं.

"आमेन."

बाईंचा आवाज. हजेरी घेतल्यासारखा, स्पष्ट. मग इकडून तिकडून अडखळत बाकीच्यांची आमेन आली.

नंतरच्या प्रार्थना कशा झाल्या ते मला सांगता येणार नाही. चहा झाला. मी काकूंचे कप देत होते, आणि माणसं कप घेताना माझ्याकडे न बघता घेत होती. बाई जायला उठल्या. मावशी त्यांच्यापुढे हात जोडून उभी, डोळ्यांत पाणी. बाई तिला म्हणाल्या, "चहात आलं चांगलं होतं," आणि एका पंचांचा हात धरून जिना उतरल्या.

बाकीचे गेल्यावर मावशी म्हणाली, "पाहुणी घरात बोलावून, खुर्चीत बसवून..."

"मी कुणाला काही बोलले नाही, वर बोलले," मी म्हटलं, आणि म्हणताना ते माझं मलाच पोकळ वाटलं.

काका म्हणाले, "बोलली ते बरं झालं. आतल्या आत कुजण्यापेक्षा..."

"तुम्ही गप्प बसा! तुमच्याकडूनच शिकलीय ती."

पाळकसाहेब अजून दारातच उभे होते, चपला घालत. साधे गृहस्थ, कधी कुणावर ओरडले नाहीत. मला म्हणाले, "रविवारच्या आत बाईंकडे जा आणि माफी माग."

"मी?"

"तू."

"साहेब, चूक त्यांची होती."

"असेल. त्यांचं त्या बघतील. पण प्रार्थनेचा दगड करून मारलास तो तू मारलास. तुझं तू बघ."

ते गेले. मी कप धुवायला मोरीवर बसले. मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की सुटेन. उलटंच झालं. आता आधीचंही पोटात होतं आणि वर हे नवीन.

शुक्रवारी कामावर सूत सारखं तुटत होतं. गाठी चुकत होत्या. नायकीण, आमच्यावर नेमलेली बाई, दोनदा येऊन गेली. "काय गं, लक्ष कुठंय तुझं? चिठ्ठीबिठ्ठी दिली काय कुणी?" बायका हसल्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. माफी मागते, पण. तुम्ही पण. प्रत्येक वाक्यात पण येत होता. पण काढला की वाक्य पुरं होत नव्हतं.

शनिवारी पाळी सुटल्यावर तशीच काळाचौकीकडे चालत निघाले. रस्ता वीस मिनिटांचा. चौकाचौकांत माणसं जमलेली, कोण कुठून उभा राहणार, कोण पडणार. मी कुणाकडे न बघता जात होते. बाईंची चाळ आली. मी तिच्यावरून पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा पानाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "कुणाला शोधतेस, बाय?" आता विचारलंच म्हटल्यावर सांगावं लागलं. त्याने वर बोट दाखवलं. "ती चष्मेवाली म्हातारी? दुसरा मजला, टोकाला."

बाई गॅलरीच्या टोकाला चटईवर बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. बघून नव्हे, चाचपून. खडा बोटाला लागला की उचलून बाजूच्या वाटीत टाकायच्या. हात थरथरत होता. त्यामुळे खड्याबरोबर दोनचार दाणेही वाटीत जात होते.

"सलाम, बाई."

"सलाम. गुरुवारची ना तू? बस."

मी बसले. रस्ताभर जुळवलेलं एका दमात म्हणून टाकलं. "मी माफी मागायला आले. प्रार्थनेत तुमच्याविषयी बोलले त्याची."

"ते देवाला सांगितलंस," बाई म्हणाल्या. "मला कुठे सांगितलंस? आता मला सांग."

"तुम्ही ऐकलंत की."

"ऐकलं. पण मला आठवत नाही काही."

सूप खाली ठेवून त्यांनी भिंगं माझ्याकडे वळवली. "तीस वर्षं बोर्डिंगात काढली मी. किती मुली आल्या, किती गेल्या. तुझं तोंड आठवत नाही, नाव सांगितलंस तरी आठवेल असं नाही. पण मी तसं केलं असणार. मी तशीच होते."

मी उठलेच जवळजवळ. सात वर्षं मी त्यांचा शब्द न् शब्द सांभाळला, आणि यांनी माझं तोंडसुद्धा ठेवलं नव्हतं. ज्या माणसाला आठवतच नाही त्याला माफ कसं करायचं? ते धरून ठेवायचं कुणावर?

"सुरुवातीपासून सांग," बाई म्हणाल्या. "ताप किती दिवस होता?"

"तीन. विषमज्वर होता."

"तीन दिवसांचा विषमज्वर असलेली मुलगी जात्यावर बसूच शकत नाही. मी मुलींकडून दळून घेतलंय. मला ठाऊक आहे."

खाली कुणीतरी घोषणा दिली, दुसऱ्यांनी उचलली, आवाज पुढे गेला.

"एक," मी म्हटलं. "एकच दिवस. आदल्या संध्याकाळपासून."

हे तीन कधी झाले ते मला कळलं नव्हतं. मी खोटं बोलत नव्हते. इतक्या वेळा आतल्या आत सांगून सांगून ते तीन झाले होते. आणि एकदा ते निसटल्यावर मागचं आणखी एक निसटायला लागलं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मावशीला नाही, वडिलांना नाही, देवालाही नाही.

"त्याच्या आधी महिनाभर," मी म्हटलं, "मी एकदा खरंच सोंग केलं होतं. रात्रभर काखेत कांदा धरून झोपले होते. ताप येतो म्हणतात म्हणून. दळायचा कंटाळा आला होता. तुम्ही मला पेज करून दिली होती. मग पांघरूण झटकताना कांदा खाली पडला."

बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"कांदा! कांदेवाली तू? तो कांदा घरंगळत माझ्या पायाशी आला होता, आणि सगळ्या मुली..." त्यांना ठसका लागला. भाच्याची बायको आतून डोकावली. "काय झालं, आत्याबाई?"

"काही नाही. माझी मुलगी आहे ही. बोर्डिंगातली."

मलाही हसू आलं, आणि त्याचाच राग आला. मी हसायला आले नव्हते.

बाई हसता हसता थांबल्या. चष्मा काढून पदराने पुसला, बराच वेळ. "म्हणजे मी तुला ओळखत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, गर्दीतली कुणी असेल. ओळखत असून बघितलं नाही. मग हे जास्त वाईट. एकदा कांदा धरला म्हणून काय झालं? कपाळाला हात लावायला किती वेळ लागतो?"

मी चटईची सुटलेली काडी ओढत राहिले.

"मुलींना मी कितीदा एकमेकींची माफी मागायला लावलं. ओळीत उभं करून. स्वतः कधी मागितली नाही. तोंडात बसत नाही ते." त्यांनी चष्मा लावला. "मला माफ कर."

शुद्धलेखन घालताना म्हणायच्या तसं म्हणाल्या, एकेक शब्द सुटा. म्हणून वाट बघत राहिल्या. खरं तर मी लगेच हो म्हणायला हवं होतं. माफी मागायला मी गेले होते, आणि मागितली त्यांनी. पण हो येईना. खोटं हो म्हणायची मला भीती वाटली. नुकतंच एक खोटं माझ्या तोंडातून निघालं होतं, जे मी खरं समजत होते. आता दुसरं नको.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी थोडा वेळ त्यांच्या वाटीतले खड्यांबरोबर गेलेले दाणे वेचून परत सुपात टाकत बसले. मग निघाले.

रविवारी चर्च गच्च भरलेलं. मावशीने माझा हात धरून आपल्याशेजारी बसवलं, सोडला नाही. गुरुवारची गोष्ट सगळीकडे पोचली होती. बायका मागे वळून बघत होत्या. बाई तिसऱ्या बाकावर. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. तिच्यात क्षमेची ओळ येते तिथे तीन महिने माझे नुसते ओठ हलत होते. त्या दिवशी आवाज काढून म्हटली. धीर नव्हता, पण म्हटली.

ताट आलं. मावशीने तुकडा घेतला आणि ताट माझ्याकडे दिलं. मी मनात शोधत होते, तो आवाज आहे का अजून. होता. सोंग आहे. तसाच, जराही कमी नाही. मला वाटलं होतं तो गेला की मग मी भाकर घेईन. तो काही जात नव्हता. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. मग मी म्हटलं, असू दे. आहे तर आहे. मी त्याच्यासाठी आता बाईंना धरून ठेवणार नाही. आणि तुकडा उचलला.

मावशीने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

भक्ती संपल्यावर मी बाईंकडे गेले. मला वाटलं त्यांनी पाहिलं असेल. त्यांना तीन बाकांपलीकडचं कुठलं दिसायला. "कोण?" त्या म्हणाल्या.

"मी. घेतली भाकर."

त्यांनी मान हलवली. "भाचा आला नाही अजून. मला पायऱ्या उतरव."

पायऱ्या उतरताना त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला. बारीक दिसणारी बाई, पण जड. दोनदा माझ्या पायावर पाय दिला. रस्त्यावर निवडणुकीची मिरवणूक चालली होती, काका तिच्यात होते, दुरूनच हात करत होते. बाई विचारत होत्या, काय ओरडतायत, आणि मी सांगत होते.

माफ केलं म्हणून बाई मला आवडायला लागल्या, असं मात्र काही झालं नाही. पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये बायबलचं वाचन करत असताना त्यांनी मोठ्याने माझा उच्चार सुधारला, भर मंडळीत. मी आठवडाभर धुमसत होते. फेब्रुवारीत ताट पुन्हा समोर आलं आणि मी पुन्हा थबकले. मला वाटलं होतं, हे एकदाच करायचं असतं. त्या महिन्यातही ते सगळं पहिल्यापासून करावं लागलं, आणि मार्चमध्येही. मावशी आता माझा हात धरत नव्हती. ती आपला तुकडा घेऊन समोर बघत राहायची, आणि माझं होईपर्यंत थांबायची.